दोन कुलपं आणि आमचा अबोला

परवा शनिवारी माझी किल्ली गेली. हरवली नाय... भर मीटिंगमध्ये काढून घेतली! आणि मी इतकी खुश आहे, की नातीला म्हटलं, फोनमध्ये बोलून लिहायचं कसं ते परत एकदा दाखव, हे सगळ्यांना सांगायचंच आहे.

आधी किल्लीचं सांगते. गारखेड्यात आमच्या गल्लीतल्या बायांचा बचत गट आहे. पूर्वी आम्ही सगळ्या कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत पैसे टाकायचो... आत एसी, गेलं की थंडगार पाणी. एक दिवस शटर खाली आलं ते आलंच.

समोरच्या सलमाच्या थोरल्या लेकीची नर्सिंगची फी तिथंच अडकली. पोरीची ॲडमिशन गेली अन् ती शिलाई मशीनवर बसली. सलमा कितीतरी दिवस त्या शटरसमोर जाऊन उभी राहायची... मला ते बघवायचं नाय.

मागून कळलं, तिथं पैसे काढायला दोघांच्या सह्या लागायच्या. पण ते दोघं एकमेकांचे साडू! एकानं सही केली की दुसरा न बघताच खाली करायचा.

म्हणून आमच्या गटाच्या अध्यक्ष गंगूबाईनं नियम काढला. मोठी रक्कम सरकारी बँकेत, अडीनडीची पेटीत. पेटीला दोन कुलपं, आणि किल्ल्या अशा दोघींकडं ज्यांचं एकमेकींशी बिलकुल पटत नाय. सगळ्या बायांनी एकदम आमच्याकडं बघितलं... मी आणि माझी धाकटी जाऊ शकुंतला.

आमचा अबोला साऱ्या गल्लीला माहीत. तिच्या पोराच्या लग्नात गुलमंडीच्या बाजारातनं सगळ्या जावांना भारी साड्या आल्या अन् मला ती पोपटी... जाऊ द्या, विषय लांबतो. साडी अजून घडीतच आहे.

नात चिकलठाण्याला बँकेत कामाला आहे. ती म्हणाली, "आजी, आमच्या तिजोरीलाही दोघांच्या किल्ल्या लागतात. कुठं बँक बुडाली की आमचे नियम आणखी कडक होतात. याला रिस्क मॅनेजमेंट म्हणतात."

मी विचारलं, "ते दोघं एकमेकांशी बोलतात का?"

"बोलतात की. डबा सोबत खातात."

"मग मला तुझ्या बँकेची काळजी वाटते," मी म्हटलं. हसत सुटली पोरगी!

तर परवा... सलमाच्या धाकट्या लेकीचा नंबर लागला, तोही नर्सिंगलाच. फी भरायचा शेवटचा दिवस. कर्ज आधीच्या मीटिंगमध्ये मंजूर झालेलं, फक्त पेटी उघडायची होती.

शकुंतलानं तिचं कुलूप उघडलं अन् नेहमीसारखी भिंतीकडं बघून म्हणाली, "त्यांना म्हणावं, माझं झालं." मी किल्ली घातली... फिरेना! ओढलं, ठोकलं, पदरानं पुसलं. सलमाकडं बघितलं तर तिचा चेहरा शटरसमोर उभी राहायची तेव्हासारखाच.

तेवढ्यात कानाशी शकुंतलाचा आवाज आला, "अक्का, आधी उलटी फिरवा, उलटी!"

मी चिडून म्हटलं, "मग तूच फिरव की, शहाणे!" आणि किल्ली दिली तिच्या हातात. तिनं अशी उलटी, मग सुलटी... खट्ट! उघडली पेटी.

पैसे मोजून सलमाच्या हातात. पोरीनं तिथंच स्कूटी काढली. सलमा माझा अन् शकुंतलाचा हात धरून म्हणाली, "मौसी, इस बार नहीं अटका..."

आणि मग गंगूबाई ओरडली, "अगं थांबा! दोन्ही किल्ल्या एका हातात?"

सगळ्या शकुंतलाच्या मुठीकडं बघायला लागल्या. गटातली मंदा म्हणाली, "अन् बोलल्या पण गं दोघी! मी ऐकलं!" काय गोंधळ, काय टाळ्या... मी म्हटलं, "बोललो कुठं, भांडलो." गंगूबाई ऐकते व्हय? "भांडण म्हणजे बोलणंच. नियम तो नियम. आणा इकडं."

तिथल्या तिथं आमची हकालपट्टी झाली. किल्ल्या आता मंदाकडं अन् तिच्या सुनेकडं आहेत. तिथं गटाला पुढची लई वर्षं काळजी नाय.

संध्याकाळी सलमाचा निरोप आला, फी भरली, पावती मिळाली. मी ती पोपटी साडी काढली, नेसले आणि शकुंतलाकडं चहाला गेले. ती बघतच राहिली. म्हणते, "अक्का, रंग खुलतो तुम्हाला." मी म्हटलं, "इतकी वर्षं सांगायला काय झालं होतं?"

चहा पिताना दोघींचाही हात सारखा कमरेला जात होता, किल्ली चाचपायला... आणि दोघी हसत होतो.

गटातल्या बायांनो, तुम्ही आमच्या दोघींवर कधी भरवसा ठेवला नाय, त्याचे लई लई उपकार. त्यानंच एक पोरगी आता नर्स होणार... आणि मला माझी जाऊ परत मिळाली.