सागाच्या पोटातली दरड

आमचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून आहे. पदवी घेणारा त्या घरातला मी पहिला. आता महाडला भाड्याच्या खोलीत राहतो आणि ज्या सरांनी मला एम.एस्सी.ला घेतलं, त्यांच्याच हाताखाली काम करतो. झाडांच्या वलयांवरून जुन्या दरडी कधी कोसळल्या ते शोधायचं, असं ते काम. पण त्या मे महिन्यात सरांचं आमच्याच वाडीवर यायचं ठरलं तेव्हा मला आनंद झाला नाही. घरामागच्या उताराला भेग पडली होती. आईबाबांनी येत्या पावसाळ्यात त्या घरात झोपावं की नाही, हे आता झाडं सांगणार होती, आणि मला कान बंद करता येणार नव्हते.

पोकळ गिरमिट हातानं फिरवत खोडात घालायचं आणि पेन्सिलीएवढी काडी बाहेर काढायची. तिच्यावर दर वर्षाची एक रेघ असते. दरडीचा मार बसला की झाडाची वाढ खुंटते. किंवा झाड कलतं आणि स्वतःला सावरायला एकाच अंगानं जास्त वाढतं.

सरांनी आधी घरामागचं ऐनाचं झाड घेतलं. रेघा रुंद, मग एकाएकी बारीक, पुन्हा रुंद, पुन्हा बारीक. भिंगातून बघत सर म्हणाले, इथं डोंगर बऱ्याचदा हललेला दिसतोय.  मग माझ्या एकदम ध्यानात आलं. हा तर राबाचा ऐन! भाताचं रोप टाकायच्या जागेवर आम्ही फांद्या पसरून जाळतो, तो राब. ज्या वर्षी ऐन बोडका केला, त्या वर्षी तो वाढणार कसा? मी हे घाईघाईनं सांगितलं. बाबा कमरेला कोयती लावून शेजारीच उभे होते.

"दरड कसली सायब," ते म्हणाले, "ती मीच हाय."

सर मनापासून हसले. मीही हसलो, जरा जास्तच. मग सरांनी विचारलं, राबाला कधीच न तोडलेलं झाड आहे का? बाबांनी हौसेनं बांधावरचा साग दाखवला. तो पुढेमागे विकायचा म्हणून त्याला कुणी कोयती लावली नव्हती. बुंध्याशी थोडा वाकलेला होता, पण लहानपणापासून तसाच बघितल्यामुळे मला तो कधी वाकडा वाटलाच नव्हता.

गिरमिट मीच फिरवलं, एकदा डोंगराच्या अंगानं, एकदा दरीच्या. डोंगराकडच्या काडीत भरून आलेल्या जखमेचा काळा डाग होता आणि त्यापुढची वलयं एकाएकी रुंद झालेली. आणखी बाहेरच्या बाजूला पुन्हा तसाच डाग. दरीकडच्या काडीत यातलं काहीच नव्हतं. सागाच्या बरोबर खाली आमचं घर. सर म्हणाले, आणखी झाडं घेऊ, ताडून बघू. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

ते गाडीकडे गेल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हनतो साग?"

"दरड याच वाटेनं आलीय, बाबा. दोनदा."

"परत येल?"

"येईल. कधी, ते त्याच्यात नाय."

 मी म्हटलं, पावसाळाभर माझ्याकडे महाडला चला. आई अंगणात म्हशीला पाणी दाखवत होती. तिनं तिथूनच विचारलं, "तुझ्या खोलीत सावित्रीच्या पुराचं पाणी कुठवर आलेलं रे?"

मी छातीवर हात ठेवून दाखवलं.

"मग म्हशी काय तुझ्या डोक्यावर बांधायच्या?"

शेवटी ठरलं ते एवढंच. जोराचा पाऊस लागला की दोघांनी वाडीच्या शाळेत झोपायचं आणि जाताना म्हशींची दावी सोडायची. जोराचा म्हणजे किती, हे आईनं विचारलं. सरांनी मला खूप शिकवलं, पण तो आकडा कुठल्याच काडीत नव्हता.

आता पाऊस वाढला की मी खोलीतून फोन करतो. शाळेत गेलात का, असं विचारतो. आई म्हणते, जाऊ, अजून तेवढा नाय. आणि विचारते, तिकडं पाणी कुठवर आलंय.