घोडीच्या मापाचं खोगीर

वरातीत नवरदेवाला बसवायला आमच्याकडं घोडी होती. तिचं जुनं खोगीर फाटलं, तशी मी ह्यांना म्हणाले, "घोडीला कारागिराकडं न्या. तो पाठीचं माप घेऊन चामड्याचं शिवून देतो."

दीर हसले. "वैनी, घोडी काय साडी निवडणार हाय व्हय?"

तेव्हा बाजारात नवानवा चकचकीत माल येऊ लागलता. दोघं बीडला गेले, दुकानातल्या मोटारसायकलवर खोगीर ठेवलं, आळीपाळीनं बसून बघितलं आन् पसंत करून आले. रेक्झिनचं, वर लाल मखमल!

पहिल्याच वरातीत घोडीची पाठ सोलली. मी जखमेत हळद भरतेय, तर हे म्हणतात कसं, "घोडीच नाजूक निघाली."

लई संताप आला बाई! पुढच्या वरातीची सुपारी मीच परत धाडली. म्हटलं, नवरदेवाला चालत जाऊ द्या.