ड्रोन तळहातावर उतरवताना

आई गेली तेव्हा माझा ड्रोन हवेत होता.

गंगापूर धरणाच्या बाजूला एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग चाललं होतं. ड्रोन उडवताना माझा मोबाईलच रिमोटला लावलेला असतो, पडद्याचं काम तोच करतो. मध्येच कुणाचा फोन आला तर समोरचं चित्र झाकलं जातं, म्हणून तेवढा वेळ मी फोन येऊच देत नाही. काम संपलं, ड्रोन पेटीत गेला, मोबाईल नेहमीसारखा केला, आणि बाबांचे सहा फोन येऊन गेलेले दिसले. उलटा फोन लावला तर शेजारच्या काकूंनी उचलला. त्या एवढंच म्हणाल्या, "स्कूटर सावकाश चालव."

ओझरला घरी पोचले तेव्हा दारात खूप चपला होत्या. आई आठ महिने आजारी होती. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं, म्हणजे आम्हाला माहीत होतं. पण त्याच दिवशी जाईल असं वाटलं नव्हतं. सकाळी तिनं चार चमचे उपमा खाल्ला होता.

मी रडले नाही. बाबाही रडले नाहीत. दहाव्याला गोदावरीवर गेलो, तेव्हाही नाही. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "मोकळी हो गं." बाकीच्या बायका आपसांत म्हणत होत्या, पोरगी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की ओठ कसा होतो, आपला असतो पण आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

तेराव्यानंतर माणसं गेली आणि घरात आम्ही दोघं उरलो. बाबांची सगळी नोकरी विमानाच्या कारखान्यात गेली. फिटर म्हणून लागले, फिटर म्हणूनच निवृत्त झाले. मुळात कमी बोलणारे. घरातलं बोलणं आई करायची, आम्ही दोघं तिच्यामार्फत बोलायचो. ती गेल्यावर आमच्यात तीन-चार वाक्यं शिल्लक राहिली. पाणी आलंय. गॅस संपत आलाय. जेवायला बसू या.

मी मिळेल ते काम घ्यायला लागले. ओझरला विमानतळ असल्यामुळे घराच्या आसपास ड्रोन उडवायची सोय नव्हती. तशीही मला लांबचीच कामं हवी होती. सकाळी स्कूटरवर पेटी बांधायची आणि निघायचं. रस्त्यात काय दिसलं ते संध्याकाळी आठवायचं नाही.

माझा ड्रोन छोटा आहे, पाव किलोचा. कॅमेरा पोटाखाली लोंबतो, त्यामुळे तो कुठंही टेकवता येत नाही. गवत असलं की पाती अडकतात, माती असली की धूळ मोटरमध्ये जाते. म्हणून मी तो हातावरच उतरवायचे. कुणी शिकवलेलं नव्हतं. डाव्या हातात रिमोट, उजवा हात वर, आणि खाली आला की झडप घालायची. तोवर कधी काही झालं नव्हतं.

पावसाळ्यात घोटीजवळ भाताच्या खाचरांचं काम होतं. कुणाला तरी जमीन विकायची होती आणि ती वरून किती हिरवी दिसते ते दाखवायचं होतं. मी बांधावर उभी होते, दोन्ही बाजूंना चिखल. ड्रोन डोक्यावर आणला, हात वर केला. खालच्या सेन्सरला माझा हात म्हणजे जमीन वाटली, तो दचकल्यासारखा वर गेला. मी टाचा उंचावून त्याच्यामागे हात नेला आणि पकडला. मोटरी बंद झाल्या. मी ड्रोन पेटीत ठेवला, बॅटरी काढली, पेटीचं झाकण लावलं.

पलीकडच्या खाचरात लावणी करणारी एक बाई ओरडली, "अवं ताई, रगत निघतंय ना! हाताला काय लागलंय ते बघा."

मी हात बघितला. अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक उघडलं होतं. रक्त मनगटापर्यंत आलं होतं, पेटीवर पडलं होतं, कुडत्यावरही होतं. ती बाई चिखलातून बांधावर आली, डोक्याचं फडकं सोडून तिनं त्याची चिंधी फाडली आणि माझं बोट करकचून बांधलं. "दुखत नाय का तुला?" तिनं विचारलं. अहोजाहो विसरली होती.

"नाही," मी म्हटलं. खरंच दुखत नव्हतं. ती माझ्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात काळजीपेक्षा भीती जास्त होती, हे मला आठवतं.

घोटीत एका दवाखान्यात तीन टाके पडले. घरी गेले, तेव्हा बाबा जेवणाची ताटं घेत होते. त्यांनी पट्टी बघितली.

"कशानं?"

"ड्रोननं."

आम्ही जेवलो. मी डाव्या हातानं जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर ते म्हणाले, "दाखव मला ते."

मी पेटी आणली. त्यांनी चष्मा लावला आणि ड्रोन टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिला. एक पातं नखानं तपासलं. "याला चीर गेलीय. हे टाकून दे." मग म्हणाले, "सगळीच पाती काढ आता. आणि सांग, काय केलंस."

"खाली आणला, हात वर केला."

"मग?"

"मग तो वर जायला लागला. मी धरला."

"वर जाणारच. खालून काही आलं की त्यानं लांब राहायचं, असं त्याला बनवणाऱ्यांनीच शिकवलंय ना?"

"हो."

"मग तू त्याच्या पाठीमागे कशाला गेलीस?"

त्यांनी बिनपात्यांचा ड्रोन दोन बोटांत धरला, हॉलच्या त्या टोकाला गेले, आणि तो डोक्याच्या उंचीवर धरून हळूहळू माझ्याकडे चालत आले. कॉटपासून टीव्हीपर्यंत सात-आठ पावलं असतील. माझ्यासमोर हातभर अंतरावर थांबले.

"कॅमेऱ्याचं तोंड पलीकडे हवं, पाठ तुझ्याकडे. म्हणजे डावं-उजवं उलटं होणार नाही. वारा कुठून येतोय ते आधी बघायचं. आता हात पुढं कर. सरळ. तळवा वर. बोटं सगळी एका पातळीत, एकही वर नको. हां. आता हलायचं नाही. तू पकडायचं नाहीच आहे. त्याला बसू द्यायचं."

त्यांनी ड्रोन वीतभर खाली आणला, थांबवला, मग माझ्या तळव्यावर टेकवला. टेकवताना त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. आई गेल्यापासून आम्ही एकमेकांना हात लावला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं. ध्यानात आलं एवढंच.

"पुन्हा," ते म्हणाले, आणि हॉलच्या टोकाला गेले.

त्या सकाळी त्यांनी ते वीस-पंचवीस वेळा केलं. मध्येच मुद्दाम बाजूला न्यायचे, मी हात त्याच्या मागे नेला की "चूक" म्हणायचे आणि परत टोकाला जायचे. नीट आला नाही तर हात खाली घ्यायचा आणि दोन पावलं मागं सरायचं, हे त्यांनी सगळ्यात जास्त वेळा करून घेतलं. शेजारच्या काकू कोथिंबीर द्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. बाप डोक्यावर खेळणं धरून चालतोय आणि तिशीतली मुलगी हात पसरून उभी आहे. त्या कोथिंबीर ठेवून गेल्या.

टाके निघेपर्यंत मी काम घेतलं नाही. पुढच्या कामाला निघाले तेव्हा बाबा बूट घालून जिन्याशी उभे होते. "तू दोन्ही हातांनी उडव," ते म्हणाले. "धरायला मी येतो." त्यांच्या गळ्यात कारखान्यातला जुना, कडा पिवळ्या पडलेला सेफ्टी गॉगल होता.

तेव्हापासून तसंच चाललं. मी उडवायचे आणि ते धरायचे. उतरवायच्या आधी ते शर्टाच्या बाह्या दुमडायचे, गॉगल लावायचे, आणि मोठ्यानं म्हणायचे, "तयार." तो शब्द ऐकल्याशिवाय मी खाली आणायचा नाही, असा त्यांचा नियम. तळव्यावर टेकला की मी रिमोटची डावी कांडी खाली दाबून धरायची, मोटरी पूर्ण थांबेपर्यंत. मग ते म्हणायचे, "बंद." बाकी दिवसभर आम्ही बोलत नसू. पण तयार आणि बंद हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात वाढले होते.

दिवाळीच्या जरा आधी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एक काम होतं. एका शेडच्या छताचे पत्रे वादळात हलले होते. माणूस वर चढवण्याआधी मालकाला वरून पाहून घ्यायचं होतं. खाली सगळी खडी आणि ट्रकची धूळ. वारा होता. मी दोन बॅटऱ्या वापरून छत पूर्ण घेतलं, दुसरी बॅटरी संपत आली तेव्हा ड्रोन परत आणला.

बाबांनी वाऱ्याकडे पाठ केली आणि हात पुढं केला. "तयार."

ड्रोन डगमगत होता. एकदा खाली आला, बाबांचा हात बघून वर गेला. ते हलले नाहीत. दुसऱ्यांदा वाऱ्यानं तो बाजूला ढकलला. ते हात खाली घेऊन दोन पावलं मागं सरले, मी पुन्हा समोर आणला. रिमोट बॅटरीसाठी ओरडत होता. तिसऱ्यांदा तो त्यांच्या तळव्यावर टेकला. मी कांडी दाबून धरली. आवाज खाली खाली गेला आणि थांबला.

बाबा "बंद" म्हणाले नाहीत.

मी रिमोट गळ्यात सोडून जवळ गेले. त्यांचा हात तसाच पुढं होता, त्यावर ड्रोन. दुसऱ्या हातानं त्यांनी तो वरून झाकला होता, पाखरू धरावं तसा.

"बाबा, झालं. थांबलाय तो."

"हो. कळलं मला."

तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. मी तो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पेटीत ठेवला.

गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. त्यांनी गॉगल काढला नव्हता. म्हणाले, "मोटर थांबते ना, ते हाताला आधी कळतं. कानाला नंतर कळतं."

मी माझा ग्लास बाकावर टेकवला.

"तुझ्या आईचं मनगट माझ्या हातात होतं."

"हं," मी म्हटलं. मग विचारलं, "किती वाजले होते?"

"चार वाजून गेले होते."

चार वाजता माझा ड्रोन धरणाच्या पाण्यावर होता. त्या जोडप्यातल्या मुलीची केशरी ओढणी वाऱ्यावर नीट उडत नव्हती म्हणून तिसऱ्यांदा घेत होते.

"तिनं मला विचारलं का?"

"विचारलं. मी म्हटलं कामावर गेलीय, येईल संध्याकाळी. तर म्हणाली, तिच्यापुरता भात टाकून ठेवा, दमून येते. मी आत जाऊन कुकर लावला. तुला फोन लावले. परत येऊन हात धरून बसलो. दुसरी शिट्टी झाली, आणि मग हाताला कळलं."

"मी फोन बंद ठेवला होता, बाबा."

"माहितीय. उडवताना बंदच ठेवायचा."

ते हे समजूत घालण्यासाठी म्हणाले नाहीत. कारखान्यातला नियम सांगावा तसं म्हणाले. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. छातीत कुठंतरी मुंग्या आल्यासारखं झालं आणि गेलं. चहावर साय धरली होती. ती मी बोटानं काढून टाकली आणि चहा पिऊन टाकला. बाबांनी गॉगल काढून रुमालानं पुसला, आतून.

घरी येऊन मी छताचा व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. असे ते कधी बसत नसत. एके ठिकाणी म्हणाले, "थांब, मागे घे." मी मागे घेतलं. त्यांनी पडद्याला बोट लावलं. "हा पत्रा खालून उचललाय. बोल्ट आहे, पण वॉशर नाहीये. हे मालकाला लिही."

मी लिहिलं. त्यांनी अशा अकरा जागा दाखवल्या. सहाव्या-सातव्या जागेनंतर आठ वाजले, आणि ते उठून भात टाकून आले.