जहागीरदाराचा फोटो

शहरातल्या त्या जुन्या हॉटेलाचं कौतुक फार. कुणालाही पत्ता सांगायचा तर हॉटेलाच्या अलीकडे, नाहीतर पलीकडे. दर्शनी बाजू संगमरवरी, मागच्या जिन्याला बारमाही ओल. बडा घर पोकळ वासा. आणि त्या पोकळ वाशाला आयुष्यभर टेकून राहिलेला माणूस म्हणजे आमचा जहागीरदार. हे नाव गल्लीनं ठेवलेलं. हुद्दा म्हणाल तर रूमबॉय. साठीला निवृत्त झाला तेव्हाही बॉयच. पण तोरा असा, की सख्ख्या भावाकडे चहा प्यायचा नाही. "आमच्याकडच्या कपांना चरे नसतात," म्हणायचा. आमच्याकडे म्हणजे हॉटेलात. याच्या घरातल्या कपांना कान नव्हते.

हॉटेलाची शंभरी आली आणि वरच्या मजल्यावर जुने फोटो लागणार असं कळलं. झालं! त्यातला एक फोटो काढला तेव्हा हा तिथं हजर होता. नाकानं कांदे सोलत गावभर सांगून आला. "आम्ही इतिहासात गेलो!" नव्या जावयापुढे एकदा तरी मान ताठ व्हावी, एवढ्यासाठी सगळी धडपड. रविवारी बायको, मुलगी, जावई अशी वरात घेऊन तो हॉटेलात शिरला.

फोटो सापडला. लांबलचक कॉरिडॉर, मधून चाललेले कुणी बडे पाहुणे आणि कडेला ओळीनं नोकर, सगळे भिंतीकडे तोंड करून. हॉटेलाचा नियमच होता तो. पाहुणा आला की नोकरानं भिंतीकडे वळायचं. बड्या डोळ्यांना गरिबाचं तोंड दिसायला नको. दळभद्री नियम, आणि हा गृहस्थ त्याला शिस्त म्हणायचा. फोटोत आपली पाठच येणार, हे मात्र त्याच्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं.

"यातले तुम्ही कोणते, बाबा?" जावयानं विचारलं.

"तिसरा."

"कशावरून?"

"थांबा, दाखवतो." जहागीरदार भिंतीकडे वळला आणि हात अंगाला चिकटवून उभा राहिला. नेमके तेव्हाच मॅनेजर चार पाहुण्यांना हॉटेलाचा थोर वारसा ऐकवत आले. जहागीरदार हलला नाही. पाहुणे त्याला वळसा घालून पुढे गेले. जावई खाली बघत राहिला.

"अहो, गेले ते," बायको चिडून म्हणाली. "वळा आता. शोभा होतेय."

"हळू बोल, जिना उतरू दे त्यांना," भिंतीकडूनच उत्तर आलं. "मॅनेजर साहेबांनी मला ओळखलं तर नाही ना?"