डाव्या हातावरचा मारुती

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, असं आपल्याकडं म्हणतात. मला जावई नाही, पण दुखणं मात्र बरोबर त्याच जागी आलं. लिंगाच्या टोकाला गाठ झाली, ती आधी मी उष्णता समजून सब्जाचं पाणी पीत अंगावर काढली. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी लिंग जवळजवळ मुळापासून काढलं आणि लघवीला खालून वाट करून दिली. जीव वाचला. गावाला ‘पोटात गाठ होती’ एवढंच सांगितलं होतं. त्यामुळं जो तो येऊन ‘नशीबवान आहेस’ म्हणायचा आणि मला त्याच्यावर चिडताही यायचं नाही.

मी पाटोद्याला बी-बियाणांच्या दुकानात कामाला आहे. दुकानामागं एक पडकी भिंत आहे. दुपारी सगळे गडी तिथं ओळीनं उभे राहतात, गप्पा मारत लघवी करतात. मला आता बसावं लागे, आणि पँट घातलेला गडी खाली बसला की लगेच डोळ्यावर येतो. धोतरवाले म्हातारे मात्र बसतातच, त्यांना कुणी काही विचारत नाही. म्हणून ऐन चाळिशीत मी धोतर नेसायला लागलो.

“काहून रं, येकदम म्हातारा झालास?” आमचा हमाल म्हणाला.

“ऑपरेशनची जागा दुखती पँटीत,” मी म्हणालो. सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन मात्र भाजी खारट झाली म्हणून बायकोवर खेकसलो. भाजीत मीठ बरोबर होतं.

आमच्या घरी वडिलांपासून शेळ्या आहेत. लांडग्याची भीती आहे, कुणीतरी शेळ्यांजवळ निजायला पाहिजे, असं सांगून मी माझं अंथरूण गोठ्यात नेलं होतं. पुष्कळ दिवसांनी एका सकाळी बायको चहाचा कप माझ्यापुढं आदळून म्हणाली, “लांडगं गोठ्यात न्हाईत. तुमच्या डोक्यात हायत.” मला तिचा राग आला, कारण ती खरं बोलत होती. मला तिच्याजवळ निजायचं होतं आणि तिच्याजवळ निजायचीच भीती वाटत होती.

दोन वर्षं आजार उलटला नाही, तेव्हा दवाखान्यातल्या प्लास्टिक सर्जनबाईंनी नवीन लिंग तयार करता येईल असं सांगितलं. कोपराखालची कातडी तिच्यातल्या रक्तवाहिन्या आणि नसांसकट उचलायची, नळीसारखी वळवायची आणि तिथं जोडायची. उभं राहून लघवी करता येईल. नस जुळली तर स्पर्शही कळेल, पण त्याला वेळ लागतो आणि खात्री देता येत नाही. मी ऐकत होतो आणि माझा ऊर भरून आला होता. मग बाईंनी माझी डावी बाही वर केली.

तिथं मारुती होता. पोरवयात मी तालमीत जायचो. तालमीतल्या आम्ही सगळ्यांनी जत्रेत एकाच दिवशी हातावर मारुती गोंदवून घेतला होता. माझा मनगटापासून निघून कोपराकडं उडत होता, वर उचललेल्या हातात डोंगर. ब्रह्मचाऱ्यांचा देव, ज्याच्यापुढं लंगोट कसून आम्ही शपथा घेतल्या, त्याला आता कुठं न्यायचं? उजवा हात कामाचा, तो बाई घेणार नव्हत्या. मांडीची कातडी चालली असती, पण ती जाड पडते, नंतर पुन्हा कापून बारीक करावी लागते, म्हणाल्या. मी बाही खाली ओढली आणि नको म्हणालो. एसटीत बसल्यावर मला हसू आलं आणि मग हसताहसता रडू आलं. शेजारचा माणूस खिडकीकडं सरकला.

बायकोला कारण सांगायला मला आठवडा लागला. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर दवाखान्यात आली, बाईंच्या समोर बसली आणि बांगड्या मागं सारून स्वतःचा हात टेबलावर ठेवला.

“ह्यांचा ऱ्हाऊ द्या. माझ्या हाताची घ्या.”

तिच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे आणि त्याखाली माझं नाव. बाईंनी समजावून सांगितलं, की दुसऱ्याची कातडी अंगाला लागत नाही, शरीर ती टाकून देतं.

“बायकुची बी न्हाई?” तिनं विचारलं.

“बायकोचीही नाही.”

तिनं बांगड्या पुन्हा खाली ओढल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “लक्षुमणासाठी सबंद डोंगर घिऊन आला तो. तुमच्यासाठी यवढंसं यायचा न्हाई व्हय?”

मी शर्टाची बाही वर केली.

गावात आता सगळ्यांना वाटतं, की माझा हात मळणीयंत्रात गेला होता. हातावरची कातडी उचलली, तिथं मांडीची वरवरची पातळ कातडी लावली आहे, ती दिसते वेडीवाकडी. मारुती गेला. कोपराजवळ डोंगर तेवढा राहिला, तिथपर्यंत बाईंनी कापलं नव्हतं. शनिवारी तेल घालायला मी देवळात जातो, पण अजून उंबऱ्याबाहेरूनच हात जोडतो. उभं राहून लघवी करता येते. तरी भिंतीपाशी त्या ओळीत मी अजून गेलो नाही, आणि धोतरही सोडलं नाही. का ते मला सांगता येणार नाही.

अंथरूण मात्र घरात आणलं. जखमेला मी स्वतः बघत नव्हतो, भिंतीकडं तोंड करायचो. पहिल्यापासून पट्टी बायकोच बदलायची. आता पट्टी सुटली आहे. परवा दुपारी पोरं शाळेत गेली होती. तिनं दार लोटून घेतलं, माझ्याजवळ बसली आणि तिथं हात ठेवला.

“कळतंय का?”

मी म्हणालो, “हो.”

“खोटं बोलताव,” ती म्हणाली. तिनं हात काढला नाही.