शंभर चिंचोके

ग्रामसभेला बाकीचे लोक हात हलवत यायचे. कोरम आजी पदराच्या गाठीत शंभर चिंचोके बांधून यायची. माणूस आला की एक चिंचोका गाठीतून काढून समोर ठेवायची. सभेच्या कोरमला शंभर माणसं लागतात, एवढा नियम तिला पक्का ठाऊक होता. गाठीत चिंचोके उरले की म्हणायची, "सायेब, सभा झाली नाही." त्यावरून गावानं तिला हे नाव दिलं. मी तिथला ग्रामसेवक. तिला सगळ्यांत जास्त मीच हसायचो.

तिचा मळा नाल्यापलीकडे होता, राहायचीही ती तिथंच. मेथी-वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती गुडघाभर पाण्यातून वरवट बकालच्या बाजाराला निघायची. नाल्यावर एक ठेंगणा पूल व्हावा, हा तिचा प्रत्येक सभेतला एकच विषय.

सव्वीस जानेवारीला मी खड्या आवाजात संविधानाची उद्देशिका वाचायचो. "आम्ही, भारताचे लोक" म्हटलं की तिचा प्रश्न ठरलेला. "आमी म्हंजे किती जन, सायेब? मोजले काय?" लोक खो खो हसत. मग ती त्यांच्यावर उखडायची. "हसू नका बे! हक्क पाह्यजे त येऊन बसा लागते." सभेच्या रजिस्टरात अंगठा नको म्हणून म्हातारपणी नातीकडून सही शिकली होती.

एका वर्षी सरपंचांच्या मनात वेशीवर कमान बांधायचं आलं. सभेला चाळीस जण जमले. आजीनं चिंचोके गोळा केले आणि ती निघून गेली. मी नेहमीसारखं रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरवलं. तरी दोन-चार नावं कमी पडली, तेव्हा त्यांच्यापुढे मीच अंगठे उठवले. त्यांत एक नाव आजीचं होतं. पुलाचा विषय गाळून कमानीचा ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी ती नातीला घेऊन कचेरीत आली, रजिस्टर वाचून घेतलं.

"मले त सही येते, सायेब. मंग हा अंगठा कोनाचा?"

"तुमचाच की, आजी."

चारचौघे बसलेले होते. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. अंगठ्यावरची जांभळी शाई गेली नव्हती. तिनं तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. ती वाकून हळूच म्हणाली, "जेवाच्या आंधी हात धुऊन घ्या, सायेब."

मला मान वर करता आली नाही. पण ठराव मी बदलला नाही, हे त्याहून लाजिरवाणं. कमान झाली. आजी पुढच्या पावसाळ्यात गेली. तिची तिरडी लोकांनी कमरेएवढ्या पाण्यातून अलीकडे आणली आणि त्या नव्या कमानीखालून नेली. मी मागे चालत होतो.

आता निवृत्त होऊन मी माझ्या गावी राहतो. परवा ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला.

"सभा कधी झाली?" मी विचारलं.

"आता तुमाले काय सांगाचं, सायेब!" तो हसला.

मीही हसलो आणि सही केली. सही पेनानं केली होती, हाताला शाई लागली नव्हती. तरी त्या दिवशी जेवायच्या आधी मी दोनदा हात धुतले.