पाळण्यासारखी गॅलरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. लग्न असो, बारसं असो, पंगत उठली की मला मध्ये बसवतात. मग मी एकाचे तीन करून सांगतो. त्यात वाईट काय? असंच वाटायचं.

माझी ठेवणीतली गोष्ट कसब्यातल्या आमच्या जुन्या थिएटरची. पद रंगलं की गॅलरीतले आम्ही टाळ्या नाही वाजवायचो — लाकडी फळ्यांवर पाय आपटायचो. सगळे एकदम. "आणि मग गॅलरी अशी झुलायची," मी सांगायचो, "पाळण्यासारखी. खालचे लोक वर बघून रामरक्षा म्हणायचे." हमखास हशा.

मुलाला खराडीत नोकरी लागली त्या वर्षीचं सांगतोय. पेठेतली माणसं लांब लांब राहायला जात होती, नाटकं कमी झाली होती. तरी शाळांची गॅदरिंगं, गल्लीतल्या हौशी मंडळाच्या तालमी तिथेच चालायच्या. दुरुस्त करून थिएटर चालू ठेवावं का, हे बघायला एक इंजिनिअर आले. तुळया ठोकून बघितल्या, घुटमळले. माणसांचा भार पडल्यावर काय होतं, ते रिकाम्या गॅलरीत कसं कळणार? मॅनेजर अण्णांनी — त्यांचा जन्म तिथे गेलेला — मोठ्या विश्वासाने मला पुढे केलं. "यांना विचारा साहेब. लहानपणापासून वर बसलेत."

"गर्दीत हलायची का हो गॅलरी?"

मागे निम्मी गल्ली. त्यात माझा मेहुणा. "सांगा की भाऊजी," तो म्हणाला, "पाळण्याचं सांगा."

आता इथे 'नाही' म्हणायचं — म्हणजे इतकी वर्षं थापा मारल्या, हे चारचौघांत कबूल करायचं? एवढंच तर होतं. एवढंच.

"हलायची म्हणजे?" मी म्हणालो. "अहो, पाळणा."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

आधी गॅलरी बंद झाली, मग थिएटर. मग पाडायलाच काढलं. मी बघायला गेलो होतो — का गेलो, कोण जाणे. कौलं उतरली, स्टेज गेलं. गॅलरी काही सुटेना. मजूर शिव्या घालत होते.

ती कधीच हलली नव्हती. त्या सगळ्या धडधडाटात मी कठड्यावर चहाचा कप ठेवायचो. थेंब सांडायचा नाही.

अण्णा आता धायरीला लेकीकडे असतात. मी अधूनमधून जातो. जिना चढताना दर वेळी मनात येतं — आज कळलं असेल का त्यांना? परवा माझ्यापुढे चहा ठेवून म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी खरं बोललात म्हणून. नाहीतर आमच्या हातून कुणाचा तरी जीव गेला असता."

मी चहा प्यायलो. छान झालाय, म्हणालो.